बावीस फायली, चव्वेचाळीस गाणी

चव्वेचाळीस! काल रात्री पावणेबाराला आईची ती लाल डबी, म्हणजे कार्ड घालून गाणी वाजवायचा छोटा स्पीकर, मला सांगायली की कार्डात 44 गाणी आहेत. मी टाकली 22, आमच्या गेलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. मोजून टाकली. परत काढून परत मोजली. 22च.

बटण दाबलं. हिरवा आकडा 1. चिडीचूप. चारपाच सेकंद नुसता लाल दिवा लुकलुक, मग 'टुक', आणि 2 वर आजीचा आवाज. आई पदर सावरून बसली. ओवी संपली. आकडा 3. पुन्हा चिडीचूप. टुक. 4 वर आजी. 5 वर सुतक. असं करत करत 7 वर येऊन डबी जी अडली ती अडलीच, बैल चिखलात बसावा तशी. पुढं जाईना, मागं येईना, बंदही होईना. मागचं खटक्याचं बटण नखानं ओढून बंद केली, चालू केली, तर आतली ती बाई गावाला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत ओरडली की ब्लूटूथ तयार आहे. पावणेबाराला. शेजारचं कुत्रं भुंकलं, त्याला ऐकून कोपऱ्यावरचं भुंकलं, आणि आतल्या खोलीतून अण्णा: "काय करायलास रे इतक्या रातीला? झोपू दे की माणसाला!"

आता ह्या 22 च्या 44 कुठून झाल्या? तर ताईच्या लॅपटॉपनं व्याल्या. ताई दोन दिवसांसाठी पुण्याहून आलेली, सोबत तो लाखाचा लॅपटॉप. म्हणली, "सिंपल आहे रे, दे इकडे, मी करते." 'सिंपल आहे रे' हे वाक्य मी आता कायद्यानं बंद करणार आहे. तिच्या त्या लाखाच्या मशीनला सवय अशी की कार्डात एक फाईल टाकली की तिच्यासोबत आपली एक चिठ्ठी ठेवायची. नावाच्या पुढं टिंब, मग खालची रेघ, मग तेच नाव, शेवटी तेच एमपीथ्री. साईझ 4 केबी. आत गाणं नाही, काही नाही. प्रत्येक नवरीमागं एक करवली! आणि ह्या करवल्या ताईच्या लॅपटॉपवर दिसतच नाहीत, लपलेल्या. दिसणार कोणाला? डबीला. ती बिचारी साडेआठशे रुपयांची डबी, शेवटी एमपीथ्री लिहिलेलं दिसलं की वाजवायला जाते. करवलीला माईकसमोर उभं केलं तर ती काय म्हणणार?

हे मला कधी कळलं? आज सकाळी. ताईची गाडी पहाटेच गेली. फोन केला तर म्हणते, "माझ्याकडे तर 22च दिसत होत्या." दिसणारच! घाण करणाऱ्याला घाण कधी दिसलीय!

मग माझ्या जुन्या पीसीवर लपलेल्या फायली दाखव म्हणून खूण केली, 22 करवल्या निवडल्या, उडवल्या. कार्ड डबीत टाकलं. 22 दिसले. देवाला हात जोडले. कार्ड काढून अण्णांच्या ट्रॅक्टरच्या टेपात टाकलं, म्हणलं एकदाच दोन्ही कामं होतील. त्या टेपाचं डोकं वेगळं. 1 नंतर 10 वाजवला, मग 11, 12, असं 19 पर्यंत, मग 2, मग 20, 21, 22, आणि मग कुठं 3. आई म्हणते, "पहिल्या ओवीमागं ही माहेराची कशी आली? आधी देवाच्या होऊ द्याव्या लागतात, कळत नाही का?" आई, मला कळतं गं. टेपाला कळत नाही. त्याला 01, 02 असं लिहून दिल्याशिवाय दोन आणि वीस यांतला फरक समजत नाही. पहिलीच्या लेकराला समजतो.

आणि नावं? मी मोठ्या हौसेनं मराठीत लिहिली होती. टेपाच्या पट्टीवर काय सरकायलंय, तर प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह. आजीचं नाव म्हणजे सहा प्रश्नचिन्हं.

हा झाला शेवटचा अंक. ह्याच्या आधी आठवडाभर काय झालं ते ऐका.

मूळ फायली डब्ल्यूएमए, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जातीच्या. डबी म्हणते मी फक्त एमपीथ्री खाते. म्हणत नाही खरं तर, म्हणली असती तरी बरं. नुसती गप राहते आणि पुढं जाते. तर आमचा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कानात सदा दोन बोंडं घातलेली. म्हणला, "मामा, हे तर पाच मिनिटांचं काम आहे." आणि पाच मिनिटांतच केलं त्यानं. कसं? नावाच्या शेवटचं डब्ल्यूएमए खोडून एमपीथ्री लिहिलं. बावीसच्या बावीस. खोक्यावरची चिठ्ठी बदलली म्हणजे आतल्या सोयाबीनचा कापूस होतो का रे बाबा? ह्याच्या फीला आमच्या दाजींनी जमिनीचा तुकडा विकलाय.

मग वेबसाईट. फाईल टाका, कन्व्हर्ट करा, फुकट. तिथं 'डाउनलोड' लिहिलेली पाच हिरवी बटणं. त्यातली चार दुसरीकडंच नेतात: एक वजन कमी करायला, एक जमिनीच्या प्लॉटवर, एक पत्ते खेळायला, आणि एक म्हणते तुमच्या फोनात 13 व्हायरस आहेत. पाचवं खरं. ते दाबलं तर तीन फायलींनंतर म्हणते आजचा कोटा संपला, उद्या या. तलाठ्याकडं आलोय का मी? रोज तीन केल्या असत्या तर आठव्या दिवशी संपल्या असत्या हे आत्ता हिशेबात येतंय. पण तेव्हा डोकं तापलेलं होतं.

म्हणून सॉफ्टवेअर उतरवलं. हे म्हणजे कळस. ट्रायल व्हर्जन, पण सगळ्या 22 केल्या त्यानं, झटक्यात. मी खूश. आईला हाक मारली. आजी सुरू झाली, जातं घरघरायलंय, आजीनं भावाचं नाव घेतलं आणि नेमकं त्या जागेला एक गोड आवाजाचा बाप्या इंग्रजीत म्हणतो की कृपया पूर्ण व्हर्जन विकत घ्या. प्रत्येक फाईलमध्ये. दर मिनिटाला. आई घाबरून म्हणते, "हा कोण घरात शिरलाय?"

नाही, मला सांगा, गेलेल्या माणसाच्या आवाजात मधे घुसून पैसे मागणाऱ्याला काय म्हणायचं? दहाव्याला उधारी मागायला येणारे बी ह्याच्यापेक्षा बरे, ते निदान दारात थांबतात.

पुण्यातलाच एक मित्र आहे, कंपनीत आहे, त्याला फोन केला. "एफएफएमपेग घे रे, फायली बदलायचं सॉफ्टवेअर, एक ओळीची कमांड आहे." एक ओळ! ती ओळ मी अकरा वेळा टाइप केली. अकरा वेळा उत्तर एकच, अशी फाईलच नाही. समोर दिसायलीय मला फाईल! फोल्डरचं नाव 'आजीच्या ओव्या'. तासाभरानं कळलं की त्या दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्याचं पोट दुखायलंय, नावाला अवतरणचिन्हं घालावी लागतात. घातली. एक फाईल झाली. उरलेल्या 21 साठी मित्र म्हणला, "लूप लिहायचा, तीच कमांड सगळ्या फायलींवर आपोआप फिरते." मी फोन ठेवला. बनी तो बनी, नही तो परभणी, असं लोक आमच्या गावाला म्हणतात. बनली नाही म्हणून मी आहे तिथंच, परभणीत, अवतरणचिन्हं घालत बसलोय.

ह्या सगळ्यात ताईच्या फोनला एमफोरए जातीची फाईल पाहिजे, डब्ल्यूएमएचं नाव काढलं की तोंड फिरवतो. गंगाखेडच्या आत्यानं तिला आठवतील त्या ओव्या व्हॉट्सॲपवर बोलून पाठवल्या, 37 व्हॉइस नोट, त्या ओपस नावाच्या आणखी वेगळ्याच जातीत. ट्रॅक्टर ओपसला ओळखत नाही. टीव्हीला पेनड्राईव्ह लावला तर त्याला दुसराच राग, पेनड्राईव्ह कसा फॉरमॅट केलाय म्हणून. एका घरात एक म्हातारी ऐकायची तर चार जातीचे पाहुणे, एकाच्या पंगतीत दुसरा बसत नाही, आणि वाढपी कोण, तर मी. ज्या जर्मन संस्थेनं एमपीथ्री घडवलं, त्या फ्राउनहोफरनं 2017 ला त्याचं लायसन देणं थांबवलं तेव्हा पेपरात मथळे आले होते, एमपीथ्री मेलं म्हणून. पेटंटं संपली होती, दुसरं काही नाही. मयताची ती बातमी आईच्या डबीपर्यंत अजून पोहोचलेली नाही. ह्या घरात चारही मशिनी चुकून कशाला हो म्हणत असतील तर त्या मढ्यालाच.

असो. तर आज सकाळी करवल्या काढून, 01, 02 लावून, नावं इंग्रजीत करून, सगळं झालं. आई ओट्यावर बसली. डबी मधे. सलग वाजल्या की हो! न अडता पाच ओव्या झाल्या. मी भिंतीला टेकून तिच्या तोंडाकडं बघायलोय, आता काही तरी म्हणेल. डोळे पुसेल. एवढा आठवडा घातला.

आई म्हणली, "जात्याचा आवाज असा नव्हता रे. हे नळाला पाणी आल्यावानी वाटायलंय."

माझं टाळकं सटकलं. डबीच्या स्पीकरला शिव्या दिल्या, ताईला दिल्या, भाच्याला परत एकदा दिल्या. मग चांगले हेडफोन लावून पीसीवर मूळ डब्ल्यूएमए ऐकली. आजीचा गळा ठीक. पण मागचं जातं, ते घरघरत नव्हतं. खरंच पाण्यासारखं चुळूचुळू वाहायलं होतं. म्हणलं हे मुळातच असं? फाईलवर राईट क्लिक केलं. 64 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट, पार दाबून बारीक केलेली. तारीख 2012.

2012 ला कॅसेटवरून लॅपटॉपात ह्या ओव्या कोणी उतरवल्या? मी. 1997 च्या दिवाळीत मामांच्या टू-इन-वनवर भरलेली 60 मिनिटांची कॅसेट, हेडफोनच्या भोकातून वायर, रात्रभर बसून. अस्सल, न दाबलेली वेव फाईल झाली होती, 600 एमबीच्या वर. मग 22 तुकडे केले आणि 'जागा वाचावी' म्हणून 64 वर दाबले. 30 एमबीच्या आत बसवलं सगळं. आणि मोठी फाईल उडवली. का? हार्डडिस्क भरली होती. कशानं? सिनेमांनी. तेव्हाचे सिनेमे 700 एमबीचे असायचे, सीडीत मावायला. म्हणजे आजीचं जातं मी एका सिनेमाला विकलं, तेही पूर्ण नाही, 100 एमबी कमीच पडले असतील. कोणता सिनेमा ते आठवतसुद्धा नाही. मारधाड होती.

आणि त्या दाबलेल्याला पुन्हा दाबलं ह्या आठवड्यात. उसाच्या चोथ्यातून रस काढायचा आणि मग चरकवाल्यावर ओरडायचं. हेमा रायरकर आणि गी पॉत्वाँ या अभ्यासकांनी खेड्याखेड्यांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. मला एका आजीची एक कॅसेट धड ठेवता आली नाही, आणि मी भाच्याची अक्कल काढतो.

आई शांतपणे म्हणली, "कॅसेट हाय की. माझ्या ट्रंकंत. लुगड्यात गुंडाळून ठेवलीय."

पंधरा वर्षं होत आली. कधी विचारलंच नाही मी तिला.

टू-इन-वन माळ्यावर सापडला. झाकण उघडलं तर आतल्या रबरी पट्ट्याचा डांबरासारखा चिकट गोळा झालेला, बोटाला लागला तो आत्ता लिहितानाही गेलेला नाही, की-बोर्डची काही बटणं काळी झालीत. मशीन पोत्यात घालून गांधी पार्कात गेलो. एक म्हातारे मिस्त्री आहेत, अजून रेडिओ उघडतात. त्यांनी बघितलं, म्हणले पट्टा बसवू, हेड पुसू, दोन दिवस द्या. कॅसेट हातात घेतली, पेन्सिल घालून दोन फेरे फिरवून टेप ताणला. बघूनच जीव भांड्यात पडला. हा माणूस सिंपल आहे म्हणला नाही.

मग म्हणले, "पेनड्राईव्हात पण टाकून देतो साहेब. मोठी फाईल होईल, जरा बारीक करून देऊ का? जागा वाचंल तुमची."

आख्ख्या गल्लीनं वळून बघितलं इतक्या मोठ्यानं ओरडलो मी. ते बिचारे पेन्सिल कॅसेटीत तशीच धरून उभे. नंतर चहा मीच सांगितला, दोन कट, सोबत खारी.