पर्वती अधिक शंभर

पुण्यात रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणाऱ्या माणसाला पायऱ्यांची भीती घालू नये, असे मी फ्लोरिडात उतरल्या दिवशीच मुलाला बजावले होते; त्यामुळे डेटोना बीचच्या दक्षिणेला असलेल्या पॉन्स इनलेटच्या दीपगृहाच्या दारात सूनबाईने "बाबा, २०३ पायऱ्या आहेत, तुम्ही खाली बसता का?" असे विचारले, तेव्हा तिने आमच्या अख्ख्या पेठेचा अपमान केल्यासारखे मला वाटले. पर्वती अधिक शंभर, एवढाच तर हिशेब होता.

हा १७५ फुटी लाल विटांचा मनोरा १८८७ साली पूर्ण झाला, तेव्हा या जागेला मॉस्किटो इनलेट, म्हणजे चक्क डासांची खाडी म्हणत. ते नाव पुढे बदलले. डासांना मात्र तसे कोणी कळवलेले दिसत नाही.

हिशेबातली चूक मला पन्नासाव्या पायरीवर उमगली. पर्वतीवर ओळखीची माणसे भेटतात आणि पाणीकपातीवर चर्चा करता करता इभ्रत राखून दम खाता येतो. येथे गरगर फिरणारा लोखंडी जिना आणि मागून "एक्सक्यूज मी" म्हणत चढणारी शाळकरी पोरे. नशिबाने मधल्या टप्प्यांवर खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकीशी थांबून मी समुद्राचे इतके सखोल निरीक्षण केले की, शेवटी नातीने "आजोबा, जहाज दिसलं का?" असे विचारले. जहाज नव्हते, डोळ्यांपुढे काजवे मात्र भरपूर होते. पूर्वी दिव्यासाठी लागणारे रॉकेल दीपरक्षक याच पायऱ्यांवरून वाहून नेत, ही माहिती मुलाने पुरवताच मी हातातली पाण्याची बाटली निमूटपणे त्याच्याकडे सोपवली.

वरच्या सज्जात वाऱ्याने टोपी आणि उरलासुरला आब दोन्ही उडू पाहत होते. १८९७ च्या जानेवारीत 'कमोडोर' जहाज बुडाल्यावर लहानशा होडीतल्या चौघांना दुरून हाच मनोरा दिसला होता. त्याच्या दर्शनाने त्यांना जो धीर आला असेल, तोच मला भिंतीला पाठ लावून खालची बाके पाहताना आला.

दीपरक्षकांची तिन्ही घरे आता संग्रहालयात सामील आहेत. तेथे हिंडताना कळले की, या दिव्याचे मूळचे, माणसाहून उंच फ्रेनेल भिंग खालच्याच एका दालनात जमिनीवर मांडलेले आहे. म्हणजे जे वर असायचे ते केव्हाच खाली येऊन बसले होते आणि जे खाली बसायचे, ते वर जाऊन आले होते! संध्याकाळी पर्वतीच्या मंडळींना मी सज्जातला फोटो पाठवला. लगेच पहिले उत्तर आले : "लिफ्ट होती ना?"