मावशीच्या कानातले बोळे

"टिनिटस 21 दिवसांत मुळापासून बंद, डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत" हा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. टिनिटस म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज. मेसेज माझ्याकडे तीनदा आला, तिन्ही वेळा न वाचता उडवला. माझ्या डाव्या कानात 9 वर्षं शिट्टी वाजतेय, असले मेसेज बघून बघून आता राग यायचाही बंद झालाय. पण मग तो मावशीकडे पोचला. तिला दोन वर्षांपासून कानात किर्र आवाज येतो, ऐकूही थोडं कमी येतं, आणि कोणीतरी "तुझ्यासाठीच आहे बघ" म्हणून तिला पाठवला. मी मागच्या आठवड्यात भेटायला गेलो तर दुपारची वेळ, खिडक्या बंद, बाई दोन्ही कानांत सिलिकॉनचे प्लग आणि वरून कापसाचे बोळे घालून बसलेली. म्हणे आज बारावा दिवस. मी खुर्ची जराशी सरकवली तर तिनं अक्षरशः दोन्ही हातांनी डोकं धरलं.

म्हणून हे लिहितोय. मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत, सगळ्यांना सारखा वेळ द्यायची त्यांची लायकी नाही.

सगळ्यात आधी तो बोळ्यांचा मुद्दा, कारण नुकसान त्यानंच केलं. मेसेज म्हणतो, "कान थकले आहेत म्हणून ते ओरडतात, 21 दिवस दिवसरात्र बंद ठेवा, पूर्ण शांतता मिळाली की नाद आपोआप विझतो." ऐकायला इतकं पटतं ना? पाय दुखला की पाय वर करून बसतो, तसंच कानाचं. फक्त कानाचं तसं नसतं. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, त्यातल्या काही वयानं किंवा मोठ्या आवाजानं मेल्या की त्या पट्टीतला आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही. मग मेंदू काय करतो, रेडिओ नीट लागत नसला की आपण करतो तेच, व्हॉल्यूम वाढवतो, आणि मग स्टेशन राहतं बाजूला, खरखर मोठी होते. टिनिटसच्या बऱ्याच केसेसमध्ये असंच काहीतरी होत असावं असं मानतात. आता अशा माणसाच्या कानात बोळे घातले तर बाहेरून येणारा आवाज आणखी कमी, म्हणजे व्हॉल्यूम आणखी वर.

ही माझी थिअरी नाही, लोकांनी करून बघितलंय. 2012 मध्ये शेट, टर्नर आणि मन्रो या तिघांचा एक प्रयोग प्लॉस वन या जर्नलमध्ये आला. ऐकू व्यवस्थित येणारे 18 जण घेतले, त्यांच्या फक्त एका कानात 7 दिवस सतत इअरप्लग ठेवला. 18 पैकी 14 जणांना कानात नसलेले आवाज ऐकू यायला लागले. कान चांगले असलेल्या माणसांना, एका आठवड्यात, एका प्लगनं! प्लग काढल्यावर ते आवाज गेले, हे त्यांचं नशीब. मेसेज लिहिणाऱ्यानं हा एवढा एक पेपर वाचला असता तरी त्याला कळलं असतं की आपण टिनिटस घालवायचा नाही तर तयार करायचा उपाय वाटत सुटलोय.

आणि शांततेत नाद विझतो म्हणे. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं, तर 94 टक्के लोकांनी काही ना काही आवाज लिहिले, कुणी गुणगुण, कुणी शिट्टी, कुणी घूं. म्हणजे पूर्ण शांतता ही नाद ऐकू येण्याची जागा आहे. टिनिटसवाल्या कुणालाही विचारा सगळ्यात वाईट वेळ कोणती, तो रात्रीचीच सांगेल, दिवे गेले पंखा बंद झाला की शिट्टी थेट उशीवर येऊन बसते.

आता मावशीला खुर्चीचा आवाज का लागला, तर तेही यातलंच. अंधारातून एकदम उन्हात आल्यावर डोळे दिपतात तसं. फॉर्मबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये काही जणांना दोन आठवडे इअरप्लग घालायला लावले आणि काही जणांच्या कानात हलका सूं सूं आवाज सतत सुरू ठेवला. प्लगवाल्यांना पूर्वीपेक्षा कमी आवाजही मोठा वाटायला लागला, दुसऱ्या गटाचं उलटं झालं. ज्यांना आधीच आवाज सहन होत नाहीत, म्हणजे ज्याला हायपरॅक्युसिस म्हणतात, ते घाबरून कान झाकत जातात, झाकल्यानं आवाज आणखी टोचतात, मग आणखी झाकतात. मी यातून गेलोय. सुरुवातीचे सहा महिने मी भांडी आपटतात म्हणून जेवताना प्लग घालायचो, शेवटी शेवटी कागद चुरगळलेलाही कानात जायचा. बाहेर यायला त्याच्या दुप्पट वेळ लागला.

बरं, यात एक अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं का होईना मान्य करतो. खरोखर मोठ्या आवाजात प्लग घालायलाच हवेत. कामाच्या ठिकाणासाठीचा अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा की 85 डेसिबल असेल तर प्लगशिवाय जास्तीत जास्त 8 तास, आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. ड्रिल, करवत, स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहणं, तिथे जरूर घाला. पण साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. त्याच्यापासून कुठलं संरक्षण करताय?

दुसरा मुद्दा, डोक्याच्या मागे बोटांनी 50 टिचक्या मारा, नाद कायमचा बंद. हा व्हिडिओ तर कायम फिरत असतो. खरं सांगू, मी केलंय, आणि मला वीसेक सेकंद बरं वाटलं होतं. कान, मान आणि जबड्याच्या नसा मेंदूत एकमेकींच्या शेजारी पोचतात, त्यामुळे जबडा आवळला, मान वळवली तरी अनेकांची शिट्टी बदलते. तेवढंच. कायमचं वगैरे काही नाही.

तिसरा, कोमट तेल कानात सोडा. मळ घट्ट बसल्यामुळे नाद येत असेल तर तेलानं मळ मऊ होतो आणि डॉक्टरनं तो काढल्यावर बरं वाटतं, इतकं खरं. पण पडद्यापलीकडे तेल जातच नाही, मग केसपेशींपर्यंत काय जाणार. आणि पडद्याला भोक असेल तर ते जातं, आणि तेव्हा ते जायला नको असतं. कानात आधी काय आहे हे न बघता तेल ओतायचंच नाही.

चौथा, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकच्या गोळ्या. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी गिंको, मेलाटोनिन, झिंक देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. पुढचा. पाचवा, कॉफी आजच सोडा. सोडायची तर सोडा, पण एकदम सोडल्यावर डोकं ठणकतं त्याचं खापर परत टिनिटसवर फुटतं. सहावा, ऐकण्याचं मशीन लावू नका, कान आळशी होतो. याचा मला जास्तच राग आहे, कारण मावशी दोन वर्षं मशीन टाळतेय ती याच भीतीनं. मशीन कान आळशी करत नाही, मेंदूला जो आवाज मिळेनासा झालाय तो परत देतं, आणि ऐकू कमी येणाऱ्या बऱ्याच जणांचा नाद त्यामुळे मागे पडतो.

सातवा, "हे सगळं मनाचं दुखणं आहे, विचार करू नका." हा सगळ्यात हुशारीनं लिहिलेला आहे, कारण शेजारची गोष्ट खरी आहे. सीबीटी नावाच्या बोलण्याच्या उपचारानं टिनिटसचा त्रास कमी होतो, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं 2020 मध्ये 28 अभ्यास आणि 2733 लोकांचा आढावा घेऊन तसं सांगितलंय. पण त्यानं शिट्टीचा आवाज बारीक होतो असं नाही, ती वाजत असताना जगणं सोपं होतं. दुखऱ्या पायानं चालायला शिकवलं म्हणून पायाचं दुखणं मनाचं ठरत नाही ना.

आणि जे या मेसेजमध्ये असायला हवं होतं तेच नाहीये. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर असेल, तर दाखवायला जा. एका कानानं एकदम ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा, तिथे स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दोनेक आठवड्यांतच जास्त असतो. आता विचार करा, तसा एखादा माणूस 21 दिवस बोळे घालून घरी बसला तर.

मावशीला मी दुसऱ्याच दिवशी ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे नेलं. प्लग एकदम फेकायचे नाहीत, रोज थोड्या थोड्या वेळासाठी ते काढून ठेवत जायचं असं त्यांनी सांगितलं, रात्री पंखा नाहीतर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवायचा, आणि मशीनची ट्रायल पुढच्या आठवड्यात. अजून खुर्ची सरकली की दचकते. काल फोनवर म्हणाली, "अरे, खिडकी उघडली मी आज, पक्षी ओरडत होते मेले." मी विचारलं प्लग कुठेत, तर म्हणे तुझ्या भावाच्या ड्रिल मशीनच्या पेटीत टाकले.