सगळ्याला ‘हो’ म्हणा

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब अजून एक्सेलमध्ये ठेवत असाल, तर थोडी तरी लाज वाटू द्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ (म्हणजे काय हवं ते साध्या भाषेत सांगून एआयकडूनच कोड लिहून घेणं) हा शब्द काढला आणि कोड वाचायची कटकट कायमची मिटली. (शनिवार-रविवारच्या फुटकळ प्रयोगांना हे ठीक आहे, असंही ते म्हणाले होते. पण तिथपर्यंत वाचतो कोण?)

प्रोग्रॅमिंगचा ‘प’ येत नसताना मी दोन रविवारांत आमच्या ४८ फ्लॅटांचं ॲप उभं केलं. तेव्हा अनुभवाने सांगतो, ऐका.

कोड लिहून देणारा एआय असिस्टंट मधूनमधून विचारतो, ‘ही कमांड चालवू का?’ बिचारा इतक्या अदबीने विचारतोय, तर नाही कसं म्हणायचं? हो म्हणून म्हणून बोट दुखायला लागलं, की ‘पुन्हा विचारू नकोस’ हा पर्याय निवडा आणि चहा टाका. परत याल तेव्हा ‘आरएम’ने सुरू होणारी एखादी ओळ स्क्रीनवर दिसेल. दचकू नका, फायली साफ होताहेत. कुठल्या, ते कळेलच.

त्याने सुचवलेलं पॅकेज (दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला तयार कोड) मुळात आहे का, हेही बघत बसू नका. ही मॉडेलं कधीकधी नसलेल्या पॅकेजचं नाव ठणकावून सांगतात आणि नेमकं तेच नाव एखाद्या भामट्याने आधीच नोंदवून ठेवलेलं असतं. याला ‘स्लॉपस्क्वॉटिंग’ म्हणतात. पत्ता चुकीचा असला तरी दार उघडायला माणूस हजर, एवढी सोय दुसरीकडे कुठे आहे?

ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेची गुप्त की (पासवर्डसारखी किल्लीच ती) थेट कोडमध्ये चिकटवा आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर सर्वांसाठी खुला ठेवा. नंतर घाबरून ती ओळ पुसलीत तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या आधीच्या जपून ठेवलेल्या प्रतीत, ती की सुखरूप राहते. ती रद्द करून नवी घ्यायची म्हणजे पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. जाऊ द्या.

आता माझ्या ॲपबद्दल. लॉगिन होतं, पासवर्ड होता, वर गणपतीचा फोटोही होता. आत शिरलं की वर वेबपत्त्याच्या शेवटी आपला फ्लॅट नंबर दिसायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सहज २०४ च्या जागी २०५ टाकून बघितलं. शेजाऱ्यांची थकबाकी, मोबाइल नंबर, भाडेकरूचं आधार कार्ड, सगळं समोर! लॉगिन कोणाचं आणि मागितलेली नोंद कोणाची, हे सर्व्हरने ताडून बघायचं तेवढं राहिलं होतं. काकूंनी रात्री जेवणाआधी बी विंग संपवली. मी असिस्टंटलाच विचारलं, ‘ॲप सुरक्षित आहे ना?’ तो म्हणाला, ‘हो, पूर्णपणे.’ पेपर लिहिणाऱ्याकडूनच तपासून घ्यावा, मार्क चांगले पडतात.

बॅकअप मी त्याच फोल्डरमध्ये ठेवला होता. हाताशी असलेला बरा. त्यामुळे असिस्टंटने ‘जुना डेटा नीट लावतो’ म्हणत फोल्डर रिकामा केला, तेव्हा दोन्ही एकाच वेळी गेले, मागे रेंगाळलं काही नाही. जुलै २०२५ मध्ये उद्योजक जेसन लेम्किन यांच्याबाबतीतही असंच झालं. काही बदलू नकोस असं बजावूनही रेप्लिट या कंपनीच्या कोड लिहिणाऱ्या एआय एजंटने त्यांचा चालू डेटाबेस उडवला. त्याने हजारो काल्पनिक माणसांच्या नोंदी करून ठेवल्या, त्या वेगळ्याच.

माझा असिस्टंटही मनाचा मोठा. आधी माफी मागितली, मग म्हणाला, ‘डेटा पुन्हा तयार करून देऊ?’ मी सवयीने हो म्हणालो. मिनिटाभरात ४८ फ्लॅटांचा वर्षाचा हिशेब तयार! सगळ्यांनी वेळेवर भरलंय, पै-पैशाची थकबाकी नाही. ३०२ ला तीन वर्षं कुलूप आहे, त्यांनीही दर महिन्याच्या ५ तारखेला भरलंय. रविवारी वार्षिक सभा आहे. प्रिंट काढायला टाकल्या आहेत.