पडद्यावरच्या स्वातंत्र्यलढ्यात काडतुसं कधी संपतच नाहीत

स्वातंत्र्ययुद्धावरचा सिनेमा आला की गणवेश बरोबर होते का, झेंडा त्या काळचा होता का, यावर कमेंटमध्ये हाणामारी सुरू होते. चालू द्या. माझ्या मते सिनेमाची खरी पारख दारूगोळ्याच्या हिशेबात होते.

ठासणीची बंदूक घ्या. कागदी काडतूस दाताने फाडायचं, थोडी दारू रंजक म्हणून (ठिणगी धरायला) बाजूच्या पेल्यात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची, गज परत जागेवर आणि मग नेम. चांगला तयार शिपाई मिनिटाला ३ बार काढायचा. शिवाय दोन फैरींनंतर धुरात समोरचं धड दिसत नसे. पडद्यावर मात्र नायक एका दमात चौघांना लोळवतो, आणि दारू आली कुठून हे कोणी विचारत नाही. अमेरिकन बंडखोरांना १७ जून १७७५ ला बंकर हिल सोडावी लागली, कारण इंग्रजांच्या तिसऱ्या हल्ल्यापर्यंत दारू संपली होती. पुढे ती मुख्यतः फ्रान्सकडून आली. १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या इंग्रजांची समुद्राकडची वाट बंद केली तीही फ्रेंच आरमाराने. त्या सागरी लढाईत अमेरिकनांचं एकही जहाज नव्हतं. आता ‘आम्ही लढलो, आम्ही जिंकलो’ या पटकथेत हे बसवणार कुठे? म्हणून गाळायचं.

दुसरी खोड याहून वाईट: क्रौर्य मोठं दिसावं म्हणून यंत्र मोठं करायचं. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये पोलिसांनी सामन्याच्या गर्दीवर गोळ्या झाडल्या, १४ माणसं गेली. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या ‘मायकल कॉलिन्स’ (१९९६) या सिनेमात चिलखती गाडी थेट मैदानात घुसते. प्रत्यक्षात गाडी बाहेर होती. आत गोळ्या झाडणारी माणसं होती. यंत्र आत आणलं की त्यांच्यावरची नजर हटते.

जालियनवाला बागेचं गणित याच अंगाने करून बघा. डायरच्याच अहवालातला आकडा १६५० गोळ्यांचा. ५० शिपाई, साधारण १० मिनिटं. म्हणजे माणशी ३३ गोळ्या, मिनिटाला तीन-चार. बोल्ट ओढायच्या .३०३ रायफलीतून तयार शिपाई मिनिटाला १५ गोळ्या नेम धरून झाडू शकतो. तेव्हा हा बेभान भडिमार नव्हता. सावकाश, गर्दी जिथे दाट तिकडे नळ्या वळवत केलेला होता. मशीनगनवाल्या दोन गाड्या आणल्या होत्या, पण बोळ अरुंद म्हणून त्या बाहेरच राहिल्या. या प्रसंगावर मशीनगनचा सलग खडखडाट चढवला की जे सर्वांत भयानक होतं तेच पुसलं जातं: दोन गोळ्यांमधला वेळ. आणि ते ५० जण गुरखा आणि हिंदी पलटणींतले होते, गोरा शिपाई त्यांत एकही नाही. साम्राज्य चालतं ते अशा मनुष्यबळावर. कॅमेरा मात्र हुकूम देणाऱ्या गोऱ्या साहेबावर जाऊन स्थिरावतो, कारण तिथे राग धरायला सोपं जातं.

हे सगळं बऱ्यापैकी जमलेला सिनेमा म्हणजे अल्जीरियाच्या फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यावरचा ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’ (१९६६). बातमीपटासारखा दिसतो, पण बातमीपटाचा तुकडाही त्यात वापरलेला नाही. फ्रेंच कर्नल फळ्यावर त्रिकोण काढून बंडखोरांची संघटना समजावतो: प्रत्येकाला वरचा एक आणि खालचे दोन, एवढेच माहीत. एकाला पकडून छळ केला तरी धागा तिथेच तुटावा, म्हणून. जानेवारी १९५७ चा आठ दिवसांचा संप संयुक्त राष्ट्रसंघातल्या चर्चेचा मुहूर्त साधून होता, हेही त्यात आहे. आणि मुख्य म्हणजे ही हरलेली लढाई आहे. १९५७ मध्ये फ्रेंचांनी शहरातली संघटना मोडून काढली. देश स्वतंत्र झाला १९६२ मध्ये.

पण हाही सिनेमा १९५७ वरून उडी मारतो ती थेट डिसेंबर १९६० च्या निदर्शनांवर. मधल्या काळात ट्युनिसियाच्या सीमेवर फ्रेंचांची मोरिस लाइन उभी होती: विजेचं कुंपण, सुरुंग, गस्त. पलीकडून येणारी शस्त्रं आणि माणसं तिथे अडकून मरत होती. त्या तारेवर कोणी अख्खा सिनेमा काढला तर पहिल्या दिवसाचं तिकीट माझं.