खुलासा : हाताच्या मुंग्या आणि सोलकढी

डिचोली-साखळीकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय : पाळी जायच्या वयात हात बधिर होणारच, सोलकढी बंद करा, कॅल्शियम घ्या, तपासणी नको. हे चूक आहे.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, त्याने सांधे आखडू शकतात, हे खरं. पण रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बहुधा मनगटातली नस दबलेली असते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. कॅल्शियमने ती सुटत नाही. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्याने पुष्कळांना आराम पडतो. नारळ खवताना, कपडे पिळताना मध्ये थांबा. मधुमेह, थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसाठी रक्त तपासाच; मुंग्या त्यांनीही येतात. सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर संधिवाताची तपासणी हवी.

सोलकढीने नस दबत नाही, खुशाल प्या.

हातातून भांडं निसटू लागलं तर मात्र डॉक्टरकडे जायला थांबू नका, बायांनो. नस फार काळ दबली की अंगठ्याचा स्नायू झिजतो. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं झालं तर लगेच १०८.