नगरसेवकाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं

मार्च उजाडला की गल्लोगल्ली खोदाई का निघते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: टक्केवारी. टक्केवारी नाही असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत बसणार नाही. पण अगदी सरळ चालणाऱ्या नगरसेवकाच्या प्रभागातही मार्चमध्येच रस्ता उकरला जातो. ते का, हे फाइल कुठून कुठे जाते हे बघितल्याशिवाय कळत नाही.

आधी एक गोष्ट. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. कुठल्याही कामाचा आदेश नगरसेवकाच्या सहीने निघत नाही. त्याच्या हातात काय? बजेटमध्ये तरतूद टाकून घेणं, सभेत मत देणं आणि फाइलच्या मागे लागणं. यातलं तिसरं सगळ्यात कंटाळवाणं. पोस्टर त्याचं लागत नाही, म्हणून ते सगळ्यात कमी होतं.

समजा, एका गल्लीतली 200 मीटर ड्रेनेज लाइन बदलायची आहे. बजेट मंजूर झालं, 1 एप्रिलला तरतूद हातात आली. आता कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लेव्हल घ्यायची, दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचं एस्टिमेट, करायचं. त्यावर उपअभियंता, कार्यकारी अभियंता, तांत्रिक मान्यता. मग लेखा विभागाकडून तरतूद शिल्लक असल्याचा शेरा. मग ई-निविदा, दोन पाकिटं, तांत्रिक आणि आर्थिक. पहिल्या वेळी तीन ठेकेदार आले नाहीत तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा. त्यानंतर स्थायी समिती, करारनामा, सुरक्षा ठेव, आणि शेवटी कार्यादेश. कुठेही कुणी रजेवर गेलं नाही तरी चार महिने धरा. वाहतूक पोलिसांची खोदाईची परवानगी वेगळी.

आता हे चार महिने पावसाळ्यावर ठेवून बघा. जून ते सप्टेंबर खोदाई बंद, डांबराचे हॉटमिक्स प्लांटही बंद. म्हणजे हे महिने कागदासाठीच बनलेले आहेत. एप्रिल-मेमध्ये एस्टिमेट, पावसात निविदा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यादेश, डिसेंबरपर्यंत काम. प्रत्यक्षात होतं काय, तर एप्रिल-मेमध्ये मागच्या वर्षीच्या बिलांची निस्तरानिस्तर, जूनपासून तुंबलेल्या चेंबरचे फोन, सप्टेंबरमध्ये गणपती, आणि एस्टिमेटची आठवण दिवाळीनंतर. मग कार्यादेश फेब्रुवारीत. 31 मार्चला तरतूद लॅप्स होणार, म्हणजे न वापरलेले पैसे हातचे जाणार, म्हणून काम मार्चमध्ये.

मार्चच्या कामात नेमकं काय बिघडतं तेही सांगतो, कारण 'काम निकृष्ट' एवढं म्हणून ते सुधारत नाही. पाइप टाकल्यावर चर थराथराने भरायचा असतो. 15-20 सेंटीमीटरचा थर, पाणी, धुमस (म्हणजे थर ठोकून घट्ट दाबणं), मग पुढचा थर. घाईत निघालेला राडारोडाच एका दमात आत ढकलतात आणि वर काँक्रीट ओततात. पहिल्या जोरदार पावसात चर खचतो आणि पाइपचा उतार बिघडतो. सांडपाण्याला सेकंदाला साधारण 0.6 मीटर तरी वेग लागतो, नाहीतर गाळ तळाशी बसतो. म्हणजे नवी लाइन वर्षभरात तुंबते आणि लोक म्हणतात, पाइप छोटा टाकला. पाइप बरोबर असतो, त्याखालचा बिछाना गेलेला असतो.

काँक्रीटची तर सोपी परीक्षा आहे. 15 सेंटीमीटरचे ठोकळे भरतात आणि 7 व 28 दिवसांनी दाबून बघतात. आता हिशेब करा. 3 मार्चनंतर ओतलेल्या काँक्रीटचा 28 दिवसांचा रिपोर्ट 31 मार्चच्या आत येऊच शकत नाही. तरी त्या कामाचं अंतिम बिल मार्चमध्ये निघालं असेल, तर रिपोर्टविना निघालं किंवा रिपोर्ट आधीच लिहिला गेला. तिसरी शक्यता मला सुचत नाही.

दुसरी गोम 'बिलो'ची. एस्टिमेटपेक्षा 25-30 टक्के कमी दराची निविदा आली की सभागृहात बाकं वाजतात, पालिकेचे पैसे वाचले म्हणून. ठराविक मर्यादेपेक्षा दर कमी असला की जादा अनामत घ्यायची असते, ती घेतली का, हे कोणी विचारत नाही. इतका कमी दर परवडायचा तर एस्टिमेट तरी फुगवलेलं हवं, नाहीतर चर भरताना धुमस तरी वाचवायला हवा.

आणि काम झालंच नाही तर? तर वर्गीकरण. न वापरलेली तरतूद बजेटमधल्या एका हेडवरून, म्हणजे खर्चाच्या शीर्षकावरून, दुसऱ्यावर फिरवायची, तसे प्रस्ताव हिवाळ्यापासून सभेपुढे ढिगाने येतात. ड्रेनेजसाठी ठेवलेल्या पैशांची बाकडी, कमानी, नामफलक, कापडी पिशव्या इथेच होतात. या वस्तूंना लेव्हल लागत नाही, खोदाईची परवानगी लागत नाही, पंधरवड्यात येतात आणि त्यांच्यावर नाव छापता येतं. नगरसेवकाची पारख करायची असेल तर त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या वर्गीकरणाच्या प्रस्तावांची यादी मागा.

बजेट फुगवण्यातही आम्ही सगळे सामील असतो. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2017 मध्ये जीएसटीबरोबर तोही गेला. आता राज्याकडून नुकसानभरपाई येते, वर्षाला 8 टक्के वाढीने. स्वतःचा मोठा नळ म्हणजे मिळकतकर आणि बांधकाम परवानगी. कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात आणि त्या सभेत करवाढीच्या बाजूने हात वर करणारा विरळाच. दर तेच, मागण्या वाढलेल्या, मग जमेची बाजू कागदावर वाढवली जाते. ऑक्टोबरपर्यंत वसुली मागे पडल्याचं दिसलं की लेखा विभाग फाइल दाबून ठेवतो. तुमच्या गल्लीची तरतूद छापील पुस्तकात असते, तिजोरीत नसते. म्हणूनसुद्धा एस्टिमेट एप्रिलमध्येच पुढे काढायचं. जो आधी पोचतो त्याला पैसे मिळतात, उरलेल्यांना आश्वासन.

काही जण म्हणतील, नगरसेवकच नकोत, प्रशासक बरा. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत संपली आणि नंतरची काही वर्षं तोही प्रयोग झाला. बजेट मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मार्चमधली खोदाई तेव्हाही थांबली नाही, फक्त जाब विचारायला सभागृह नव्हतं.

नागरिकांनी काय करावं? पुण्यात राहत असाल तर सहभागी अर्थसंकल्पाचा अर्ज भरा. 2006 पासून ही सोय आहे, एका कामाला 5 लाखांची मर्यादा. पदपथ, दिवा, छोटी गटारदुरुस्ती यात बसते. मागणी लिहिताना 'परिसराचा विकास' असं लिहू नका, घर क्रमांक अमुक ते तमुक, अंदाजे लांबी इतकी, असं लिहा. नाहीतर अर्ज 'दप्तरी दाखल' होतो, म्हणजे काही न होता फाइलमध्ये पडून राहतो.

आणि तुमच्या गल्लीत काम झालं असेल तर कार्यालयात जाऊन तीन कागद बघा: झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेची पानं, ठोकळ्यांचा रिपोर्ट, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. त्या तारखेच्या आत रस्ता खचला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घ्यायची असते. पालिकेने नवी निविदा काढायची नसते. स्थानिक संस्थांमध्ये सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख बघू देण्याबाबत राज्य सरकारचा 2018 चा आदेश आहे. जाताना कामाचं नाव आणि कार्यादेशाचा क्रमांक घेऊन जा, म्हणजे "फाइल सापडत नाही" हे उत्तर द्यायला जरा अवघड जातं.