काळी काच म्हणजे जास्त सेफ्टी? नाही हो

एक मेसेज फिरतोय, कामगारांसाठी स्वस्त पारदर्शक सेफ्टी चष्मे घेऊ नका, त्यातून यूव्ही थेट डोळ्यात जातं, महागडे काळेच घ्या. हे चुकीचंय. पॉलीकार्बोनेट, म्हणजे सेफ्टी चष्म्याच्या काचेसाठी वापरतात ते प्लास्टिक, साधं पारदर्शक असलं तरी जवळपास सगळं यूव्ही अडवतं, तो गुण मटेरियलचा आहे, रंगाचा नाही. उलट कमी उजेडात काळा चष्मा घातला तर समोरचं नीट दिसत नाही आणि माणूस तो कपाळावर चढवून ठेवतो, मग पैसे गेलेच ना.

आणि वेल्डिंगला साधा काळा गॉगल अजिबात चालत नाही, आर्कला, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झगझगीत ज्योतीला, साधारण १० ते १३ शेडचा फिल्टर लागतो (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर).

घेताना किंमत बघण्याआधी मार्किंग बघा. झेड८७ (Z87, अमेरिकन स्टँडर्ड) नंतर प्लस असेल तर हाय इम्पॅक्ट, म्हणजे जोराचा मार सोसणारा. ईएन १६६ (EN 166, युरोपियन स्टँडर्ड) मध्ये एफ (F) म्हणजे ६ मिमीची स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी टिकतो, बी (B) म्हणजे १२० मीटर, पण बी फक्त गॉगल नाहीतर फेसशील्डवर मिळतं, चष्म्यावर नाही. केमिकल उडत असेल तर चष्मा सोडा, बंद गॉगलच घ्या. दोन पैसे जास्त द्यायचेच तर अँटीफॉग कोटिंगला द्या, वाफ धरली की लोक काढूनच ठेवतात.